पिल्लू घरचे, पण दात कुत्र्याचेच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ होती आणि दवाखान्यात तापाच्या पेशंटांची गर्दी होती. त्यात एडवणकडचे एक वाडीवाले आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला साधी सर्दी होती. नाडी पाहताना तिच्या मनगटावर दोन बारीक लालसर ओरखडे दिसले.

"हे काय लागलं?" मी विचारले.

"काय नाय डॉक्टर, घरात पिल्लू आणलंय. खेळताना दात लागले त्याचे."

"कधी?"

"झाले असतील तीन दिवस."

"पिल्लाला इंजेक्शन दिलंय?"

"एवढंसं तर आहे ते! दोन महिन्यांचंपण नसेल. त्याला कसलं इंजेक्शन?"

वाचकहो, हा संवाद मी सफाळ्यात प्रॅक्टिस सुरू केल्यापासून किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. रस्त्यावरचा मोठा कुत्रा चावला तर माणसे धावत दवाखान्यात येतात. घरच्या पिल्लाचा दात लागला तर तो लाड समजून सोडून देतात. आपली बरीच घरे वाडीत एकेकटी असतात, त्यामुळे राखणीला कुत्रा लागतोच. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतही आता हौसेने पिल्ले आणली जातात. म्हणून आज पिल्लू कसे निवडावे, कसे वाढवावे आणि त्याला वळण कसे लावावे, हे डॉक्टरच्या नजरेतून सांगणार आहे. प्राण्यांचा डॉक्टर मी नाही. पण पिल्लाच्या बाबतीत झालेली हयगय शेवटी माझ्याच दवाखान्यात येते.

माझ्या आग्रहाचे कारण

१९९० च्या दशकात मी मुंबईत इंटर्नशिप करीत होतो. एके रात्री दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला वॉर्डात आणले. ताप होता, बेचैनी होती. नर्सने पाण्याचा पेला पुढे करताच त्याच्या घशाचे स्नायू आवळले आणि तो किंचाळला. पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसवेना. आमच्या सरांनी आईला विचारले, "कुत्रा चावला होता का?" आई म्हणाली, "नाही साहेब." मग थोड्या वेळाने तिला आठवले. दीड महिन्यापूर्वी मुलाने रस्त्यावरून एक पिल्लू आणले होते. खेळताना ते बोटाला चावले. चार दिवसांनी पिल्लू मेले. काहीतरी वाईट खाल्ले असेल, असे घरच्यांना वाटले.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत तो मधूनमधून शुद्धीवर येत होता आणि आईला ओळखत होता. पुढे मी पुष्कळ मृत्यू पाहिले, पण हा विसरलो नाही, कारण तो टळण्यासारखा होता.

रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून किंवा ओरखड्यातून तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवसांत, तर क्वचित वर्षानंतरही रोग उमटतो. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी लस मिळाली तर माणूस वाचतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जगातल्या कोणत्याही इस्पितळात खात्रीचा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात. त्यांतली सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच येतो.

पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. आईला किंवा शेजारच्या कुत्र्याला रोग असेल तर पिल्लालाही होतो. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिने पुरे झाल्यावर देतात. आपण पिल्लू घरी आणतो ते दोन महिन्यांचे असताना किंवा त्याआधीच. म्हणजे ज्या काळात ते मुलांची बोटे सर्वांत जास्त चावते, त्याच काळात त्याला लसीचे कवच नसते. सगळी मेख इथे आहे.

पिल्लू निवडताना

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. त्याच्याकडे बघणार कोण? घरची कर्ती माणसे पहाटेच्या गाडीने विरार-मुंबईला जाणार आणि रात्री परतणार असतील, तर पिल्लू दिवसभर कोंडलेले किंवा बांधलेले राहील. कुत्रा दहा ते बारा वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगतो. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आणण्याची ही वस्तू नव्हे.

दुसरे, वय. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ सालच्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. यामागे आरोग्याचे कारण आहे, तसेच वळणाचेही. भावंडांशी खेळताना पिल्लू जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. किती जोराने चावावे याचा पहिला धडा ते असे शिकते. महिन्याचे पिल्लू उचलून आणले तर हा धडा राहून जातो आणि तो आपल्या मुलांच्या हातांवर गिरवला जातो.

तिसरे, आई पाहावी. आई शांत असेल, माणसांत वावरणारी असेल, तिला लस दिलेली असेल, तर निम्मे काम झाले. पिल्लाचे डोळे स्वच्छ असावेत, नाक वाहणारे नसावे. शेपटीखालची जागा कोरडी असावी. अंग हाडकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे असेल, तर पोटात जंत आहेत असे समजावे. कोपऱ्यात दडून बसणारे पिल्लू नको, तसेच सगळ्यांवर धावून जाणारेही नको. हाक मारल्यावर थोडे थबकून जवळ येते, ते बहुधा चांगले निघते.

जातीचे म्हणाल, तर आपल्या दमट उकाड्याचा विचार करा. बर्फाळ मुलखातला हस्की किंवा सेंट बर्नार्ड मे महिन्यात पालघर जिल्ह्यात ठेवणे म्हणजे त्याचा छळच. चपट्या नाकाच्या पगलाही उकाड्यात श्वासाचा त्रास होतो. आपला गावठी कुत्रा या हवेत रुळलेला असतो आणि राखणीला कमी पडत नाही. मादी नको म्हणून पुष्कळजण नाक मुरडतात. मादीही तितकीच चांगली राखण करते. नर असो वा मादी, योग्य वयात नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे नको असलेली पिल्ले बाजारात सोडून देण्याचे पाप लागत नाही.

पहिल्या आठवड्यातली कामे

पिल्लू घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. तिथे तीन गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट जंतांची. पिल्लाला आईच्या पोटातूनच किंवा दुधातून जंत मिळतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासूनच जंताचे औषध सुरू करतात. पुढे काही महिने ते ठरावीक अंतराने द्यावे लागते. हे जंत माणसालाही त्रास देतात. विष्ठेतली अंडी मातीत मिसळतात, काही आठवड्यांनी ती रोगकारक होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. पोटातून निघालेली अळी यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसते. म्हणून अंगणातली पिल्लाची घाण रोजच्या रोज उचलावी आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

"कुत्र्याचा केस पोटात गेला तर गाठ होते," असे आपल्याकडे म्हणतात. खरे म्हणजे केसाने काही होत नाही. केसाला चिकटलेली एका पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर यकृतात पाण्याने भरलेली गाठ वाढू शकते. हा कृमी कुत्र्याला कुठून मिळतो? बकऱ्या-मेंढ्यांची कच्ची आतडी, काळीज, फुप्फुस खाल्ल्याने. म्हणून मटणाच्या दुकानातले कच्चे तुकडे पिल्लाला कधीही घालू नयेत. शिजवून द्यावे, हाडे काढून द्यावे.

दुसरी गोष्ट लसींची. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांच्या लसी सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. पार्व्होमध्ये पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि दोन-तीन दिवसांत ते दगावू शकते. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, मग महिन्याभराने पुन्हा एक डोस आणि पुढे दरवर्षी. नोंदीचे पुस्तक जपून ठेवा. पुढे कोणाला दात लागला तर मी पहिले तेच मागणार आहे.

तिसरी गोष्ट आहाराची. नुसत्या दूध-चपातीवर पिल्लू पोसत नाही. भाताबरोबर उकडलेले अंडे, बिनहाडाचे चिकन किंवा काटे काढलेली ताजी मासळी द्यावी. सुकी खारी मासळी नको, त्यात मीठ फार असते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे आणि स्वच्छ पाणी सतत समोर असावे. आणखी एक विनंती. पिल्लाला ताप आला म्हणून माझ्याकडून किंवा केमिस्टकडून माणसाची गोळी नेऊन देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या आपल्या नेहमीच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

वळण लावताना

शी-शूचे वळण अवघड नाही, चिकाटी मात्र हवी. पिल्लू झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला दर वेळी अंगणातल्या एकाच जागी न्यावे. तिथे काम झाले की लगेच शाबासकी द्यावी, एखादा घास द्यावा. शाबासकी त्याच क्षणी हवी. पाच मिनिटांनी दिली तर ती कशाबद्दल होती ते त्याला कळत नाही. घरात घाण केली तर मुकाट्याने पुसून टाकावी. त्याचे नाक त्यात घासणे किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, यातून ते फक्त भिणे शिकते. वर्तमानपत्र वाचण्यासाठी आहे, ते त्याच कामाला राहू द्यावे.

चावण्याचे वळण सर्वांत महत्त्वाचे. दात येताना आणि दुधाचे दात पडताना पिल्लाला काहीतरी चावावेसे वाटणारच. आपण काय करतो? बोटे नाचवून त्याला खेळवतो आणि ते चावले की हसतो. मग सहा महिन्यांनी तेच बोचू लागले की काठी घेतो. यात दोष त्याचा नाही. पहिल्या दिवसापासून एक नियम करा. हात हे खेळणे नाही. दात लागताच खेळ बंद करा, हात शांतपणे काढून घ्या आणि मिनिटभर त्याच्याकडे पाठ फिरवा. मग चावायला जाड कापडाची गाठ किंवा दोरीची गुंडी द्या. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजोबा "हट", आई "नको", दादा "नो" म्हणू लागला तर ते बिचारे काय समजणार?

तीन ते चौदा आठवडे हा पिल्लाचा जग ओळखण्याचा काळ असतो. या वयात जे पाहिले-ऐकले त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही, आणि भ्यालेला कुत्राच बहुधा चावतो. म्हणून त्याला रिक्षा, गाडीचा भोंगा, मिक्सरचा आवाज, काठी टेकत येणारे आजोबा, टोपलीवाल्या मावशी, छत्री उघडणारा माणूस यांची हळूहळू ओळख करून द्यावी. लसी पुऱ्या होईपर्यंत बाजारात त्याला जमिनीवर सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावे.

राखणीचा कुत्रा तापट हवा म्हणून त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. अशाने तो राखणदार होत नाही, चिडका होतो, आणि एक दिवस घरच्याच मुलाला चावतो. अनोळखी माणूस दिसल्यावर भुंकणे त्याच्या रक्तात असते, त्यासाठी त्याला चिडवावे लागत नाही.

पिल्लाइतकेच मुलांनाही वळण हवे. कुत्रा खात असताना, झोपला असताना किंवा पिल्लांना पाजत असताना त्याच्या जवळ जायचे नाही. शेपटी-कान ओढायचे नाहीत. त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. लहान मूल आणि कुत्रा यांना कितीही भरवसा असला तरी एकटे सोडू नये.

दात लागला तर

आता मुख्य मुद्दा. पिल्लाचा असो वा मोठ्या कुत्र्याचा, दात किंवा नख लागून कातडीला इजा झाली तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. या एका कृतीने बराचसा विषाणू तिथेच नष्ट होतो. मग आयोडीनचे औषध लावावे. तिखट, चुना, हळद, तंबाखू, कुणाचा मंत्र, काही नको. जखम घट्ट बांधू नये आणि टाके शक्यतो टाळावेत.

त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना. कातडी शाबूत असताना कुत्र्याने नुसते चाटले तर धुणे पुरे. पण रक्त न येता ओरखडा उठला तरी लस लागते. रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषधही टोचावे लागते. लसीला शरीरात ताकद निर्माण करायला काही दिवस लागतात, तोवर हे औषध किल्ला लढवते. गरोदर बाईलाही ही लस निर्धोकपणे देता येते. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल की नाही तेही डॉक्टर पाहतील.

"पोटात चौदा इंजेक्शने" ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा लस देतात. ती कातडीत दिली तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. एक-दोन डोस घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून थांबणारे पुष्कळ असतात. बरे वाटण्याचा इथे काही संबंध नाही. रोग उमटेपर्यंत बरेच वाटते.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, त्याला मारून टाकू नये. दहा दिवस तो ठणठणीत राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे कळते. मग पुढचे डोस किती घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. पण लस पहिल्या दिवशीच सुरू करायची, दहा दिवस वाट पाहत बसायचे नाही. पिल्लू त्या दिवसांत आजारी पडले, मेले किंवा हरवले, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नका, विचारून घ्या.

पावसाळ्याची खबरदारी

आपल्या भागात भातशेती, साचलेले पाणी आणि उंदीर यांच्यामुळे लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. उंदराप्रमाणे कुत्र्याच्या लघवीतूनही हे जंतू पसरू शकतात. पिल्लाला त्याची लस द्यावी, त्याची लघवी हातमोजे घालून साफ करावी आणि पायाला जखम असताना चिखलात अनवाणी उतरू नये. ताप, अंगदुखी आणि डोळे लाल झाले तर घरात कुत्रा आहे हे डॉक्टरांना सांगावे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, "डॉक्टर, मग कुत्रा पाळूच नये की काय?" तसे मुळीच नाही. शेजारच्या गोव्यात सरकार, पशुवैद्यक आणि स्वयंसेवक यांनी घरोघरच्या आणि रस्त्यांवरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले. २०२१ साली तिथे जाहीर झाले की सलग तीन वर्षे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. तिथे लोकांनी कुत्रे पाळणे सोडले नव्हते, फक्त लस चुकवली नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे माणसाला होणारा रेबीज देशातून संपवायचा, असे केंद्र सरकारने ठरवले आहे. त्यात आपला वाटा एवढाच, की आपल्या अंगणातले एक पिल्लू त्या कवचाबाहेर राहू नये.

एडवणच्या त्या मुलीला मी त्याच दिवशी लस सुरू केली. वडील आधी कुरकुरले. "तीन दिवस झाले, आता काय उपयोग?" म्हणाले. मी सांगितले, उशीर झाला तरी लस घ्यायचीच, लक्षणे दिसेपर्यंत वेळ गेलेली नसते. ते ऐकून ते गप्प झाले आणि प्रत्येक तारखेला न चुकता आले. पिल्लू दहा दिवस धडधाकट राहिले. पुढे त्यालाही लस मिळाली. परवा दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी पिशवीतून वाडीतली वांगी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता चांगलं मोठं झालंय. रात्री कोण आला तर पूर्ण आळी उठवतं."

मी मुलीचे मनगट पाहिले. ओरखड्याची खूणही राहिलेली नव्हती.